चार दिवसांची परवानगी

त्या बुधवारी सकाळी सव्वानऊच्या सुमाराला फोनच्या पडद्यावर भालचंद्रचं नाव उमटलं आणि मला पहिल्यांदा आला तो राग. आमची वेळ आठची. रोज सकाळी आठ वाजता त्याचा फोन यायचा, तो म्हणायचा ‘घेतली’, मी म्हणायचो ‘मी पण’, आणि फोन बंद. सणवार असो, घरात कुणी आजारी असो, यात खंड नाही. त्या दिवशी आठला फोन आला नाही, मी दोनदा लावला तो उचलला गेला नाही, आणि वसई पूर्वेच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो तिथे माल उतरवून घेताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यामुळे नाव दिसताच मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता खेकसलो, ‘‘घेतलीस का नाही रे?’’ पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला. ‘‘भाऊ, मी वनिता. ते गेले.’’ त्यावर मी जे विचारलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी विचारलं, ‘‘पिऊन होता का?’’ वनितावहिनी म्हणाल्या, ‘‘नाय. चहा पीत होते. छातीत दुखतंय बोलले, आन् भिंतीला टेकले.’’

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस हृदयविकाराने जातो आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र पहिली चौकशी करतो ती दारूची. तीन वर्षं तो थेंबाला शिवला नव्हता, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तरीही… मयताला आलेल्यांतले निम्मे लोक तोच प्रश्न घेऊन आले होते, फक्त त्यांना विचारायचा धीर नव्हता. मला होता. आता सहा आठवडे झाले. झोप धड नाही, घरात बसवत नाही. विरारला मनवेलपाड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतो आणि बायको म्हणते, फरशी झिजेल. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असं एका ओळखीच्याने सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लिहिलं की मोकळं वाटेल, असा माझा समज. बसलो आणि ध्यानात आलं, की भालचंद्रबद्दल खरं लिहायचं तर मी त्याला दिलेल्या चार दिवसांबद्दल लिहावं लागणार, आणि ती गोष्ट वनितावहिनींना सांगितलेली नाही. त्यांना ती छापलेल्या कागदावरून कळावी, इतका मी निर्लज्ज नाही. म्हणजे आधी त्याच्या गावी, जूचंद्रला जाऊन तोंडाने सांगायचं, मग हा लेख द्यायचा. हे ठरवल्यावरही तीन रविवार गेले. एकदा तर नायगाव स्टेशनपर्यंत जाऊन, रिक्षाच्या रांगेतून मागे फिरलो.

आमची गाठ पडली ती वसईच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका उपचार केंद्रात. तिथे राहायचं, कमीत कमी तीन महिने. फोन जमा. घरचे महिन्यातून एका रविवारी. येणाऱ्या प्रत्येकाला दोन आजार, एक व्यसनाचा आणि एक मनाचा. कागदावर त्याला ‘दुहेरी निदान’ म्हणत, आम्ही आपापसांत ‘डबल सीट’ म्हणायचो. मला एकाएकी धडधडायचं, जीव घाबराघुबरा व्हायचा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकवायचं नाही, आणि त्यावर मी स्वतःच शोधून काढलेलं औषध म्हणजे दारू. भालचंद्रचं प्रकरण निराळं होतं. काही महिने त्याच्या मनाला उधाण यायचं. झोप नको, जेवण नको, बोलणं थांबत नाही, गावभर फिरून नवनव्या योजना सांगायच्या. मग काही महिने असे, की उठून तोंड धुणंही होत नाही. दारू दोन्हीकडे होतीच, उधाणात मजा म्हणून आणि ओहोटीत सोबत म्हणून. आधी तो दोन ठिकाणी जाऊन आला होता. मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिली दारू सोडा, मग या. दारू सोडवणाऱ्यांनी दारू सोडवली खरी, पण वर सांगितलं की गोळी हीसुद्धा नशाच, तीही सोड. ‘‘ह्ये बोलतात तिकडं जा, ते बोलतात हिकडं जा,’’ तो सांगायचा, ‘‘मी आपला मदीच उभा, बंधाऱ्यावर.’’ त्या केंद्रात पहिल्यांदा कुणीतरी त्याला दोन्ही आजारांसकट आत घेतलं.

पहिल्या सकाळी गोळ्यांच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. परिचारिका तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि मग म्हणायची, ‘‘आ करा, जीभ वर.’’ गोळी गिळली की गालात लपवली ते बघायला. बेचाळीस वर्षांच्या, पदवीधर, बायकोपोरांच्या माणसाने असं तोंड उघडून दाखवायचं! मी हुज्जत घालायला लागलो. पुढचा काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस मागे वळला आणि म्हणाला, ‘‘सावंत ना तू? उघड ना तोंड. बोकडाचे पन दात बघूनच घेतात.’’ सगळी रांग हसली. मी तोंड उघडलं. त्याची मुख्य गोळी लिथियमची होती. डॉक्टरांनी समजावलं, हा एक प्रकारचा क्षारच, मीठच म्हणा ना. रोज नेमाने घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, मधूनमधून रक्त तपासायचं. यावर हा पठ्ठ्या खो खो हसत सुटला. त्याच्या बापाचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. ‘‘डॉक्टर, आमचे घरात सगले मीठ खाऊनच वाडले,’’ तो म्हणाला, ‘‘आनखी कनाला?’’ पण गोळी घेत राहिला, आणि सहा आठवड्यांत मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, की त्याचं बोलणं जमिनीवर आलं, झोप आली, जेवताना तो शेजारच्याला आमटी वाढायला लागला.

केंद्रात जोड्या लावायची पद्धत होती. रेजिना मॅडम म्हणून तिथल्या समुपदेशक, वसईच्याच, बारीक चणीच्या आणि आवाजाने जरबेच्या. त्यांनी माझी आणि भालचंद्रची जोडी लावली. बहुतेक दोघांनाही स्वस्थ बसता येत नाही म्हणून लावली असावी. जोडीदाराने जोडीदाराला रोज सकाळी एवढंच सांगायचं, की गोळी घेतली. घरी गेल्यावरही फोनवर. आणि नियम एकच. तो त्यांनी आमच्याकडून शाळेतल्या पोरांसारखा घोकून घेतला होता: जोडीदार म्हणाला की गोळी थांबवतो, तर आपण हो म्हणायचं नाही, म्हणायचं, चल, डॉक्टरांना विचारू. ‘‘बाकी सगळं विसरा,’’ मॅडम म्हणायच्या, ‘‘हे एवढं वाक्य विसरू नका. तुम्ही लोक हुशार आहात, एकमेकांना फार छान कारणं देता.’’ मी मान डोलावली होती. इतकं सोपं वाक्य कोण विसरणार, असं मला वाटलं होतं.

आणि मग ती रांगोळी. जूचंद्रात रांगोळी काढणारे हात घरटी एक तरी सापडतात, त्यात नवल नाही. पण भालचंद्र चेहरे काढायचा. केंद्राच्या मागच्या अंगणात सिमेंटची फरशी होती. एका दुपारी त्याने स्वयंपाकघरातून कणीक, चुलीतला कोळसा आणि कुठूनसा विटेचा चुरा मिळवला आणि दोन तास उकिडवं बसून आमच्या स्वयंपाकीणबाईंचा चेहरा काढला. त्या बघायला आल्या आणि पदर तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या. कपाळावरची जुनी जखमेची खूण, एका डोळ्याची किंचित खाली आलेली पापणी, सगळं होतं त्यात. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला त्याचा हेवा वाटला. माझ्या आजाराने मला काही म्हणजे काही दिलं नव्हतं, आणि हा माणूस दोन बोटांच्या चिमटीतून चेहरा सोडत होता. त्या दिवसापासून माझ्या लेखी भालचंद्र म्हणजे ती चिमूट. बाकीचा भालचंद्र, म्हणजे आमटी वाढणारा, माझी घबराट चढली की पाठीवर थापटत बसणारा, तो मला दिसला नाही असं नाही, पण मी त्याला गृहीत धरून चाललो.

साडेतीन महिन्यांनी आम्ही पाठोपाठ बाहेर पडलो. एक वर्ष सुरळीत गेलं. आठचा फोन, ‘घेतली’, ‘मी पण’. त्याने बहिणीच्या दिराच्या रंगाच्या दुकानात बसायला सुरुवात केली, मी ही स्टोअरची नोकरी धरली. मग हळूहळू त्याच्या हाताचा विषय निघायला लागला. त्या गोळीने काहींचे हात थरथरतात, त्याचे थरथरायला लागले. फार नाही. कप बशीवर किणकिणेल एवढंच. पण पोर्ट्रेट काढणाऱ्याला तेवढं पुरतं. पापणीची रेघ सुटायला लागली की बोट हलणार, आणि हललं की ती पापणी नाही, फराटा. वर गावाचं वेगळंच. दारू पिणाऱ्याचा हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक. दारू सोडून गोळी घेणाऱ्याचाही थरथरतो हे कोण कुणाला समजावणार? लोक चहाच्या टपरीवर त्याच्या हाताकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे. ‘‘पीत होतो तवा हात सरल होता,’’ तो एकदा मला म्हणाला, ‘‘आता पीत नाय तर लोक बोलतात पितो. कसली गंमत हाय बघ.’’ गंमत म्हणत होता, पण हसत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या प्रदर्शनात त्याला मधली जागा मिळाली. गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये ते भरतं, आणि मधली जागा म्हणजे आत येणाऱ्याची नजर पहिली जिथे पडते ती. त्याला बापाचं चित्र काढायचं होतं, मिठागरात उभा असलेला. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात त्याची रक्ततपासणी होती म्हणून आम्ही वसईला भेटलो. तपासणी झाली आणि तलावाच्या कठड्यावर बसलो. तो बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, ‘‘सावंत, चार दिवस. फक्त चार दिवस थांबवतो. हात थांबंल. पाचवे दिवशी परत चालू.’’ मला ते वाक्य आठवलं. जसंच्या तसं आठवलं, विसरलो असतो तर निदान सांगायला काहीतरी असतं. चल, डॉक्टरांना विचारू… डॉक्टर पंधरा मिनिटांच्या रिक्षावर होते. पण मला माहीत होतं की डॉक्टर नाही म्हणतील, आणि मला ते चित्र बघायचं होतं. मी म्हटलं, ‘‘चारच ना? मग थांबव. फोन मात्र रोज कर. वहिनींनी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस.’’ शेवटचं वाक्य मी का बोललो? ज्याला आपण बरोबर करतोय असं वाटतं तो असं वाक्य बोलत नाही.

चार दिवस त्या हॉलमध्ये तो उकिडवा बसून होता. पूड उडू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, आणि ऑक्टोबरचं ते उकडणं. घाम चित्रावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. रोज आठला फोन यायचा. आम्ही ‘घेतली’, ‘मी पण’ असंच बोलायचो, कारण वहिनी आसपास असायच्या. ठरवून खोटं बोलायची मजा असते, ती आम्हा दोघांना जुनी ओळखीची होती. आणि चित्र? काय सांगू. म्हातारा गुडघ्याखाली ओल्या पायांनी उभा, हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं फावडं, डोळे उन्हाने बारीक केलेले, आणि मागे मिठाची लखलख, ती नुसत्या पांढऱ्याने. लोक वाकून बघायचे की पाय खरंच ओले आहेत का. भालचंद्रच्या म्हाताऱ्या आईला धरून आणलं होतं. ती दोरीच्या अलीकडे उभी राहिली आणि चित्रातल्या नवऱ्याला म्हणाली, ‘‘जेवला का नाय?’’ त्या दिवशी भालचंद्र इतका हसत होता, इतका बोलत होता, प्रत्येकाला हाताला धरून चित्राकडे नेत होता. यात माझा वाटा आहे, असं मला वाटत होतं. होताच.

पाचव्या दिवशी गोळी चालू झाली नाही. सहाव्या दिवशीही नाही. भाऊबीज झाली तेव्हा तो गावापासून स्टेशनपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर रांगोळी काढायला निघाला होता. पोती भरभरून रंग मागवत होता, अनोळखी माणसांना थांबवून नकाशा समजावत होता. फोन आठला यायचा तो पहाटे यायला लागला, आणि त्यात ‘घेतली’ नसायचं, स्टेशनपर्यंतच्या रस्त्याची वळणं असायची. मी त्याला गोळी घे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तूच तर बोललास.’’ मग दारू आली. ती येणारच होती. शेवटी वहिनींचा फोन आला आणि मी गेलो, तर तो जुन्या मिठागराच्या बांधावर चिखलात मांडी घालून बसलेला, अंगावर सदरा नाही, आणि मला बघून म्हणाला, ‘‘पानी कवा सोडनार?’’ तो कुठल्या सालात होता कुणास ठाऊक. मी, वहिनी आणि शेजारचा एक जण, आम्ही त्याला रिक्षात घालून पुन्हा त्याच डोंगराच्या पायथ्याशी नेलं.

तिथे डॉक्टरांनी वहिनींच्या आणि माझ्या देखत एकच गोष्ट विचारली, ‘‘हात थरथरतात हे मला कुणी का नाही सांगितलं?’’ पुढे त्यांनी मात्रा बदलली, वेळ बदलली, एक छोटी गोळी जोडली, आणि निम्मी थरथर गेली. म्हणजे वाट होती. पंधरा मिनिटांच्या रिक्षावर होती. महिन्याभराने घरच्यांची बैठक झाली. गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये रेजिना मॅडम. त्यांनी भालचंद्रला विचारलं, ‘‘गोळी थांबवायचं कुणाशी बोलला होतास?’’ त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘कोनाशी नाय,’’ तो म्हणाला, ‘‘मीच ठरवला.’’ मॅडमनी मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या आणि रडत रडत मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमी होते म्हनून त्यांना आनता आलं.’’ मी ‘असू दे, असू दे’ म्हणालो. आयुष्यात बरंच काही हलकट केलं आहे, पण त्या ‘असू दे’ची सर कशाला नाही.

त्यानंतरची तीन वर्षं. त्यांच्याबद्दल सांगायला गेलं तर घडलं असं काही नाहीच. तो सावकाश झाला. वजन वाढलं. रंगाच्या दुकानात बसायचा, संध्याकाळी खाडीकडे चालत जायचा, आईचं पथ्यपाणी बघायचा, ती गेली तेव्हा शांतपणे सगळं केलं. रोज आठला फोन. त्या चार दिवसांबद्दल आम्ही दोघे एकदाही बोललो नाही. चेहरे काढणं त्याने सोडून दिलं. प्रदर्शनवाल्यांनी दोनदा बोलावलं, गेला नाही. दारात मात्र सकाळची रांगोळी स्वतः काढायचा, साध्या ठिपक्यांची. रेघा हलायच्या. कमळाची पाकळी एकीकडे फुगायची. गावातल्या बायका थट्टा करायच्या, वहिनींना म्हणायच्या, ‘तुजा नवरा सून झाला.’ तो आपला दुसऱ्या दिवशी झाडून नवी काढायचा. मी रविवारी गेलो की ती बघायचो आणि, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं. कुठे तो मिठागरातला बाप आणि कुठे ही वाकडी पाकळी, असं. मी नजर वळवायचो.

परवाच्या रविवारी अखेर गेलो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. ‘‘भाऊ, तुमी बसा पयले,’’ त्या म्हणाल्या. मी बसलो नाही, बसलो असतो तर पुन्हा हवापाण्यावर बोलून परत आलो असतो. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तलाव, चार दिवस, माझं हो, माझं नाव सांगू नकोस म्हणणं, ती खुर्च्यांची बैठक. त्यांचे हात तांदळात फिरत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘चार दिवस?’’ मी हो म्हटलं. ‘‘चार नव्हते भाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घट बसले तवापासनं बंद होती.’’ मला आधी कळेचना. म्हणजे तलावावर त्याने मला विचारलं त्याच्या आधी जवळजवळ तीन आठवडे तो गोळी सोडून बसला होता. त्या रक्ततपासणीचा कागद मी कधी मागितलाच नव्हता. आणि रोज सकाळी फोनवर? ‘‘माज्यासमोरच बोलायचे, घेतली. पाकीट तसाच डब्यात. मी बघायचे ना.’’

मी भडकलो. सहा आठवडे मी ज्याच्यासाठी जिवाची घालमेल करून घेतली, त्या मेलेल्या मित्राला मी त्याच्याच ओटीवर उभा राहून शिवी हासडली. वहिनींनी अडवलं नाही. आणि त्या संतापाच्या खालून एक सुटकेचा श्वास वर आला, हेही कबूल करतो. म्हणजे माझ्या हो म्हणण्याने काही झालं नव्हतं तर! ते बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. ‘‘पन तुमी हो नाय बोलायला पायजे होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते इचारायला आलते तुमाला. मी गप बसले, तुमी हो बोलले. कोनी एकानं तरी आडवं यायला पायजे होतं.’’ मी विचारलं, तुम्ही का गप्प बसलात? ‘‘लगीन झाला तवा असेच होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हसायचे, गानी बोलायचे, मना हाताला धरून जत्रंत न्यायचे. ते आजारी झाले हे मना समजत होतं. पन मना तेच आवडायचे, भाऊ.’’

मला काही सुचलं नाही की मी काहीतरी करतो, म्हणून मी फोन काढला आणि त्यांना मिठागरातल्या बापाचे फोटो दाखवायला लागलो. बरेच होते. जवळून, लांबून, पायांचा, फावड्याचा, चित्राशेजारी हसत उभ्या असलेल्या भालचंद्रचा. वहिनींनी सगळे बघितले. मग विचारलं, ‘‘नंतरच्या हायेत काय? दारातल्या?’’ मी मागे गेलो, पुढे गेलो. त्या तीन वर्षांतले माझ्या फोनमध्ये कारखान्याच्या गोण्यांचे फोटो होते, कुणाच्या बारशाचे होते, पाणी तुंबलेल्या रस्त्याचे होते. ‘‘माज्याकडं पन नाय,’’ वहिनी म्हणाल्या. हजारभर सकाळी तो माणूस शुद्धीवर, औषध घेऊन, थरथरत्या हाताने आमच्यासाठी दारात बसला होता आणि आमच्यापैकी एकाही शहाण्याला त्याचा एक फोटो काढावासा वाटला नाही.

निघायला वळलो तेव्हा वहिनींची नणंद बाजारातून आली. दोन्ही हातांत पिशव्या. दारासमोरच्या, त्याच्या रांगोळीच्या लादीपाशी ती बाजूला सरकली आणि भिंतीला खांदा घासत आत आली. लादी रिकामी होती. घरात दुःख, रांगोळी नाही, सहा आठवडे तिथे काही काढलेलं नाही. मग वहिनी तांदळातला कचरा टाकायला बाहेर गेल्या, त्याही भिंतीकडेने गेल्या आणि भिंतीकडेनेच परत आल्या. मधून चालायला कुणी तयार नव्हतं, आणि आपण असं करतोय हे त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षातही नव्हतं. मी चपला घातल्या. मधली जागा लख्ख झाडलेली होती, सरळ चार पावलांची. मी भिंतीकडेने बाहेर पडलो.